टाचेचं झालं का?

गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली, तिच्या बुटक्या पाठीची लाल झाक भिंतीआड गेली, तरी मोठ्या बाई कारखान्याच्या दारातच उभ्या होत्या. आपल्या हातून सुटलेली वस्तू नजरेआड होईपर्यंत तिच्याकडे पाठ फिरवायची नाही, हा त्यांचा शिरस्ता होता. मग ती दवाखान्यातल्या बाकाची गादी असो, की दंतवैद्यांची ही दोन माणसांची, जमिनीला पोट लावून धावणारी जुनी स्पोर्ट्स कार असो. नवऱ्यामागे हा गाद्या-गालिच्यांचा कारखाना त्यांनी एकटीने चालवला होता आणि अजूनही त्यांच्या ‘ने’ या शब्दाशिवाय तिथून उशीसुद्धा हलत नसे.

गाडी आली तेव्हा तिच्या पोटातला गालिचा कुजून गेला होता. दार उघडले की ओल्या कुत्र्यासारखा वास यायचा. बाईंनी आधी दोन्ही सीटा उतरवायला लावल्या, दारांच्या उंबऱ्यांवरच्या पट्ट्या उचकटायला लावल्या आणि मग तो गालिचा तुकड्यातुकड्याने बाहेर काढवला. एकही तुकडा फाटू दिला नाही, कारण जुने कितीही सडलेले असले तरी नव्याचा नमुना तेच असते. गंज खरवडून पत्र्याला रंग दिला, तो आरशासारखा चकचकीत झाला. त्यावर नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा जाड थर, अंथरला आणि नमद्यावर नवा, गडद करड्या रंगाचा, दाट लवीचा गालिचा. मधला उंचवटा आणि बाजू सोल्युशन लावून चिकटवल्या, कडांना चामड्याचा गोट दिला. ड्रायव्हरच्या पायांखालचा तुकडा तेवढा चिकटवायचा नसतो. आत पाणी शिरले तर तो उचलून वाळवता यावा म्हणून त्याला टिचबटणांनी पत्र्याशी जखडतात. शिवाय ज्या जागी टाच टेकून पाय पेडलवर खाली-वर होतो, तिथे रबराची जाड पट्टी शिवतात. कारखान्यात त्या पट्टीला नुसते ‘टाच’ म्हणत.

कारखान्याला नियम होते आणि ते भिंतीवर लिहायची गरज कधी पडली नव्हती. गिऱ्हाइकाच्या कोऱ्या गालिच्यावर कारखान्यातल्या कुणाचेही पायताण पडता कामा नये. बाईंचा फोन आला की दुसऱ्या घंटेला उचललेला असावा. आणि विचारलेल्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर द्यावे.

‘‘कापायचं ते कापड, वेळ नव्हे,’’ असे त्या म्हणत. ‘‘झालं असेल तर झालं म्हणावं, नसेल तर नाही. पाल्हाळ लावायला आपण वकील नाही.’’

आणखीही एक नियम होता, तो त्यांचा एकटीचा. गाडी सोडण्यापूर्वी गालिच्याचा प्रत्येक कोपरा स्वतःच्या हाताने ओढून पाहायचा. ओढल्याशिवाय सोडायचे नाही. आज मात्र तेवढे राहून गेले होते. गाडी इतकी बुटकी, की त्या कोपऱ्यांपर्यंत हात पोहोचवायचा तर फरशीवर गुडघे टेकून, डोके दारात घालून वाकावे लागले असते. गुडघे टेकले असते. उठता मात्र आले नसते, आणि मुलाने काखेत हात घालून उठवले असते. तेव्हा बाईंनी उभ्या-उभ्या आत नजर टाकली, आतल्या खोलीत काम करणाऱ्या सुनेला हाक मारून एक प्रश्न विचारला, तिचे उत्तर ऐकले आणि मुलाला म्हटले, ‘‘ने.’’

मुलाला सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी तो एका जागी ठरत नसे. आता बाप होण्याच्या वयातही ठरत नव्हता. गाडीत बसताना त्याने चपला काढल्या, डोंगरापलीकडच्या दंतवैद्यांना द्यायच्या त्या गाडीत अनवाणी शिरला आणि नेहमीप्रमाणे म्हणाला, ‘‘आई, ही गाडी आहे की पलंग?’’

‘‘चालव गुपचूप. आणि उतारावर जीव आवर.’’

‘‘माझा की गाडीचा?’’

हे शेवटचे बोलणे आठवून बाई जराशा हसल्या आणि आत वळल्या. शिवणयंत्राशेजारच्या स्टुलावर कागदाची एक पुडी होती. ती तिथे नसायला हवी होती, म्हणून त्यांनी उचलली. पुडी जड लागली. त्यांनी ती तळहातावर उलटी केली.

टिचबटणे. वरच्या टोप्या, खालच्या बैठका, बारीक स्क्रू, सगळी जशीच्या तशी, एकही न वापरलेले.

त्याच वेळी मागच्या दाराने सून आत आली. तिच्या हातात मेकॅनिककडून मागून आणलेले ड्रिल होते. कारखान्याच्या मधोमध, जिथे सकाळपासून गाडी उभी होती, तिथे आता फक्त तेलाचा एक डाग होता. सून त्या डागाकडे पाहत राहिली.

‘‘गाडी कुठंय?’’

‘‘गेली,’’ बाईंनी एका शब्दात सांगितले.

‘‘गेली म्हणजे? आई, गेली कशी? कोण घेऊन गेलं?’’

‘‘तुझा नवरा. दुसरं कोण नेणार?’’

‘‘पण बटणं लावायची होती अजून!’’

‘‘मी तुला विचारलं होतं,’’ बाई म्हणाल्या. आवाज करडाच होता, पण पुडी धरलेला हात त्यांनी पदराखाली घेतला. ‘‘टाचेचं झालं का, असं स्पष्ट विचारलं होतं. तू म्हणालीस, टाचलं.’’

‘‘हो, टाचलंच होतं!’’ सुनेचा आवाज चिरकला. ‘‘टाचलं म्हणजे टाचलं, आई. कच्चं. जागेवरून हलू नये म्हणून बाजूच्या अस्तराला नुसता धावदोरा घातला. तोंडात सुया होत्या माझ्या. पत्र्याखालून पेट्रोलची नळी जाते, म्हणून म्हटलं भोकं कुठं पाडायची ते मेकॅनिकला विचारून यावं. मला वाटलं, तुम्हाला कळलं.’’

बाईंना कळले होते, पण भलतेच. बाईंना वाटले होते की टाचेची पट्टी शिवून झाली, म्हणजे तुकडा बसला, म्हणजे काम संपले. सुनेने सांगितले होते की तो तुकडा तात्पुरता टाचून ठेवला आहे. शब्द एकच. बाहेरच्या माणसाने विचारले असते तर सुनेने चार वाक्ये समजावून सांगितली असती. पण सासूला एका शब्दात सांगायचे असते, आणि सासूने इतकी वर्षे पढवलेला तो एक शब्द सुनेने सुयांच्या फटीतून दिला होता.

‘पायाखालची जमीन सरकली’ असे बाई जन्मभर दुसऱ्यांच्या गोष्टी सांगताना म्हणत आल्या होत्या. आता त्यांच्या डोळ्यांसमोर एका अनवाणी टाचेखालचा करडा गालिचा सरकू लागला. खाली चकचकीत रंगवलेला पत्रा, त्यावर सुटा नमदा, त्यावर गालिचा, आणि या सगळ्याला धरून ठेवणारा सुती दोरा. चढावर टाच त्याला मागे रेटत राहणार आणि दोऱ्याचा एकेक टाका उसवत जाणार. माथा ओलांडला की गाडी नाक खाली करणार, आणि मग सुटलेला तुकडा पुढे घसरून पेडलखाली गोळा होणार. ब्रेक खाली जायला जागा उरणार नाही, किंवा रेस दाबलेलीच राहील. आणि तो उतार पार नदीच्या पुलापर्यंत वळणे घेत जातो.

सुनेने फोन काढला. बाईंनी तिचे मनगट धरले.

‘‘नको.’’

‘‘अहो, सांगायला नको का त्यांना?’’

‘‘तो वळणावर असेल आणि फोन वाजला तर? एका हाताने उचलेल. उचलेलच तो. खिशात चाचपडेल, खाली बघेल.’’ बाई थांबल्या. दुसऱ्या घंटेला फोन उचलायचा, हे त्याला कुणी शिकवले होते, ते दोघींनाही माहीत होते. ‘‘टेम्पो काढ.’’

बाई गेल्या कित्येक वर्षांत टेम्पोत बसल्या नव्हत्या. माल टेम्पोने जाई, बाई नव्हे. आज सुनेने खांदा पुढे केला आणि बाईंनी तो धरला.

गल्ली संपली, वजनकाटा मागे पडला, लाकडाची वखार गेली, आणि रस्ता चढू लागला. टेम्पोचा जीव तो केवढा! दुसऱ्या गिअरमध्ये तो दमेकऱ्यासारखा धापा टाकत होता. सून स्टिअरिंगला छाती लावून बसली होती. बाईंनी पुडी मुठीत आवळली होती. बटणांच्या कडा तळहाताला रुतत होत्या, आणि त्या रुतू देत होत्या.

‘‘तुकडा गोळा झाला तर त्यांच्या लक्षात येईल ना, आई?’’

‘‘येईल.’’

‘‘की तसाच पाय दाबत राहतील?’’

‘‘रस्त्याकडे बघ.’’

‘‘तुम्ही काहीतरी बोला. एकेक शब्द नका बोलू, तेवढ्यानं जीव जातो माझा.’’

सून असे कधी बोलली नव्हती. बाईंनी तोंड उघडले, पण बोलायला मोठे काही सुचेना. मोठी वाक्ये जुळवतात कशी, हेच त्या विसरल्यासारख्या झाल्या होत्या. तेवढ्यात सुनेच्या मांडीवरचा फोन वाजला. बाईंनी तो उचलला. पडद्यावरचे नाव चष्म्याशिवाय दिसेना. कानाला लावला.

‘‘नमस्कार, मोठ्या बाई आहेत का?’’ दंतवैद्यांचा आवाज होता, खुशीत आलेला. ‘‘अहो, निघाली का आमची राणी? मी फाटकाशी उभा आहे, तोंड उघडं ठेवून. आज मला कळतंय, माझ्या पेशंटांना कसं वाटत असेल ते!’’

‘‘निघाली,’’ बाई म्हणाल्या.

‘‘मग अजून कशी पोचली नाही? भिंगरीराव म्हणजे वाऱ्याशी पैज. एव्हाना यायला हवं होतं.’’

‘‘येईल,’’ त्या म्हणाल्या आणि फोन बंद केला.

‘‘पोचले नाहीत,’’ सून म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

माथ्यावर वारा होता. तिथून पलीकडचा सगळा उतार दिसतो. तळाशी नदी, पुलाचे पांढरे कठडे, आणि डोंगराला गुंडाळलेला रस्ता. बाईंचे डोळे लाल रंग शोधत होते. एका वळणावर लाल दिसले. माणसे जमलेली दिसली. सून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली आणि तिने टेम्पो इतका जोरात सोडला की मागचे रिकामे लाकडी खोके आदळले. जवळ गेल्यावर पाहिले तर तो पंक्चर झालेला मालट्रक होता आणि लाल होती ती त्याची ताडपत्री. ट्रकवाला जॅकवर पाय देऊन उभा होता.

‘‘इथून एक लाल गाडी गेली का? बुटकी?’’ सुनेने खिडकीतून ओरडून विचारले.

‘‘गेली ना,’’ ट्रकवाला म्हणाला. ‘‘बापरे, काय गेली! इंजिन नुसतं किंचाळत होतं. माणसाला जिवाची पर्वा नाही की काय?’’

सुनेने पुढचे ऐकले नाही. बाईंनी ऐकले. उतारावर इंजिन किंचाळत नसते. उतारावर गाडी आपली आपण ओघळते. रेस दाबून धरलेली असेल तेव्हाच ते किंचाळते.

त्याच्या पुढच्या वळणावर डांबरावर काळे पट्टे उमटलेले होते. आधी सरळ, मग वाकडे, मग रस्त्याच्या कडेकडे ओढत गेलेले. जळक्या रबराचा वास अजून होता. पट्टे जिथे संपत होते तिथे रस्तादुरुस्तीसाठी टाकलेला खडीचा ढिगारा होता, आणि त्या ढिगाऱ्यात नाक खुपसून लाल गाडी उभी होती. ढिगाऱ्यापलीकडे कठडा नव्हता. कठडाच दुरुस्तीला काढलेला होता.

गाडीचे दार उघडे होते. आत कुणी नव्हते.

सून टेम्पो उभा करून नवऱ्याला हाका मारत कडेकडे धावली. बाई एकट्या उतरल्या. खडीवरून पाय घसरत होता तरी त्या गाडीपाशी गेल्या आणि आत पाहिले. शेजारच्या सीटखाली वर्तमानपत्राचा कागद पसरला होता, आणि त्यावर भिंगरीच्या चपला ठेवलेल्या होत्या. अगदी शेजारी शेजारी, टोकाला टोक जुळवून, जशा ठेवायला बाईंनी त्याला लहानपणापासून शिकवले होते. वापरणारा माणूस परत येणारच नाही अशा वेळी चपला जशा दिसतात, तशा त्या दिसल्या.

बाईंनी गुडघे टेकले. खडी रुतली. त्या दारात वाकल्या आणि हात आत घातला. गालिचा पुढे जाऊन रेसच्या पेडलखाली मुठीएवढा गोळा झाला होता, गोट दुमडलेला, टाचेची पट्टी उलटी पडलेली. पांढऱ्या दोऱ्याचे तुटके टोक त्यांच्या बोटांत आले. त्यांनी कोपरा धरून ओढला. तो सहज आला. सकाळीही तो असाच सहज आला असता.

‘‘आई, तिथे नको बसू. खडी टोचेल.’’

आवाज ढिगाऱ्यामागून आला. भिंगरी दरीकडच्या बाजूला, जमिनीवर बसला होता, पाठ खडीला टेकवून. तोंड पांढरे फटक, ओठांच्या कडेला ओकारी पुसल्याचा डाग. सून आवाज ऐकून धावत आली, आणि त्याला मिठी मारण्याऐवजी तिने त्याच्या दंडावर दोन चापट्या मारल्या.

‘‘ओरडायला काय झालं होतं? मी एवढ्या हाका मारतेय!’’

‘‘आवाजच फुटत नव्हता गं.’’ त्याने हसायचा प्रयत्न केला. ‘‘तोंडातून बाकी सगळं आलं.’’

मग त्याने तुटक-तुटक सांगितले. माथा ओलांडल्यावर टाच पुढे जाऊ लागली. चप्पल असती तर कळलेही नसते. पण अनवाणी तळव्याला खालचा गालिचा चालल्यासारखा वाटला. पाय उचलला तर रेस वर आली नाही. इंजिन बोंबलू लागले. वाकून हाताने ओढावे असे एकदा वाटले, आणि तेवढ्यात वळण आले. मग त्याने पायाच्या बोटांत कड पकडून ओढायचा प्रयत्न केला, जमले नाही, म्हणून चावी फिरवून इंजिन बंद केले, ब्रेक आणि हँडब्रेक दोन्ही लावले आणि समोर दिसली ती खडी पकडली.

‘‘जुन्या गाडीचं एक बरं असतं,’’ तो म्हणाला. ‘‘चावी बंद केली तरी स्टिअरिंग अडकत नाही. नाहीतर आता...’’ त्याने दरीकडे पाहिले नाही. मग त्याच्या कपाळावर आठी चढली. हळूहळू भीतीचा राग होऊ लागला होता. ‘‘हा तुकडा सुटा कसा? कुणी टाचला होता असा?’’

सुनेची मान खाली गेली. ती तोंड उघडणार, तोच बाई म्हणाल्या, ‘‘गाडी मी सोडली.’’

‘‘अगं पण काम कुणाचं...’’

‘‘मी ओढून पाहिलं नाही.’’

भिंगरीने आईकडे पाहिले. ती अजून खडीत गुडघ्यांवरच होती, आणि तिला उठता येत नव्हते. त्याने आणि सुनेने दोन्हीकडून तिला धरून उठवले. बाई दोघांच्या आधाराने उठल्या.

गाडी तिथेच राहिली. मेकॅनिकने येऊन पाहिल्याशिवाय तिला कुणी हात लावायचा नाही, असे बाईंनी बजावले. दंतवैद्यांना भिंगरीनेच फोन केला. पलीकडचा आवाज चढला, मग एकदम खाली आला, आणि शेवटी त्यांनी फक्त ‘‘तुला लागलं नाही ना?’’ एवढेच दोनदा विचारले.

परतताना तिघे टेम्पोच्या पुढच्या सीटवर दाटीवाटीने बसले. सून चालवत होती. बाईंच्या मांडीवर तो करडा तुकडा होता, टाचेची पट्टी वर केलेली. त्यांनी अंगठ्याने ती पट्टी चाचपली. शिवण पक्की होती, टाका न् टाका सारखा. पट्टीत काही खोट नव्हती.

‘‘सूनबाई,’’ त्या म्हणाल्या. या घरात हा शब्द पाहुण्यांसमोरच वापरला जाई. ‘‘टाचेचं झालं का?’’

सुनेने चमकून पाहिले. ‘‘म्हणजे... सगळं सांगू?’’

‘‘सगळं.’’

आणि सून बोलू लागली. पट्टी शिवून झाली आहे, आई, पण तुकडा अजून बसवलेला नाही. पेट्रोलची नळी डावीकडून जाते, असे मेकॅनिकने सांगितले आहे. म्हणून भोके उजवीकडच्या कडेला पाडू. आणि नमदासुद्धा पत्र्याला चिकटवायला हवा, नुसता अंथरून भागणार नाही, हे मला आधीच सांगायचे होते, पण तुम्ही घाईत होतात... ती बोलत राहिली, माथा आला तरी, उतार लागला तरी. भिंगरी खिडकीला डोके टेकून डोळे मिटून बसला होता. बाईंनी एकदाही तिला तोडले नाही. प्रत्येक वळणावर मात्र त्यांचा उजवा पाय टेम्पोच्या तळाशी दाबला जात होता, तिथे नसलेला ब्रेक शोधत.